लाकडी पंजा

अमरावती, कार्तिक वद्य ५, शके १७८४

चि. सौ. पार्बतास दुर्गाचे आशीर्वाद.

"रडू नोको, आता तुया पंजा कोनाच्याच पंजासारखा नाई," असं बाबा खुशालला म्हणाले होते. माझा हा धाकटा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. रेच्यात कापूस घातला की सरकी वेगळी निघते तसं आपलं बोट निघतं का, हे पाहायला त्यानं उजवी करंगळी रेच्याच्या दोन फिरत्या लाकडी लाटांच्या मधे घातली आणि वरचं पेर गेलं. मी हळद दाबून धरली होती. तो किंचाळत होता, पण बाबांचं बोलणं ऐकून गप्प झाला आणि हात वर धरून पाहू लागला. मला तेव्हा बरं वाटलं. आता वाटतं, एवढ्या पोराला दुखण्याच्या बदल्यात मोठेपणा द्यायला नको होता. नुसती हळद पुरली असती.

हे आठवायचं कारण सांगते. काल आमच्या बाजारात मुंबईच्या खरेदीदाराचा गुमास्ता प्रत्येक गठ्ठ्यापाशी थांबून विचारत होता, "यावर अकोल्याच्या खुशालरावाचा पंजा आहे का?" नसला की पुढं. गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा कापूस काढायचा, तंतू कानाशी नेऊन ओढायचा आणि मनास आला तर गेरूत हात बुडवून बारदानावर उमटवायचा, हे बाबांचं काम तुझ्या नवऱ्यानं एवढं नावारूपाला आणलं. मी गर्दीत पदर सावरत उभी होते. एका गठ्ठ्यावर साडेचार बोटांचा पंजा दिसला आणि मला रडू आलं. गुमास्त्याला वाटलं, बाईचा कापूस विकला गेला नाही.

समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आहे म्हणून आपला कापूस एवढा चढला म्हणतात. कोणाची कोणाशी ते इथं कोणाला ठाऊक नाही, पण ती मिटू नये म्हणून आमच्या गल्लीत एकीनं सोळा सोमवार धरले आहेत.

पत्र त्याला वाचून दाखव. रिद्धपूरच्या मठात मला अक्षर मिळालं, ते मी तुला दहा वर्षांच्या नवरीला चुलीपुढच्या राखेत दिलं. त्यालाही देत होते. तर म्हणे, "मले कायले पायजे अक्षर? लोक माया पंजा वाचतात." एवढ्या गठ्ठ्यांत हात घालून खांदा दुखत असेल. तेल लावतेस ना?

दुर्गा


अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १७८४

ती. अक्कांस पार्बताचा दंडवत.

तेल लावते, पण खांद्याचं कौतुक करायला वेळ कुणाला आहे? गाड्यांची रांग वेशीबाहेर गेली आहे. हे दिवसाला साठ गठ्ठे पाहतात आणि उभे असतात चारशे. हाताचा गेरू भाकरीला लागतो.

माझा भाऊ देवीदास खामगावाहून आला आहे. दलाली करतो. त्यानं एक युक्ती काढली. म्हणाला, "भाऊजी, गेरूत हात बुडवण्यात तुमचा अर्धा दिवस जाते. लाकडाचा पंजा करून घेऊ. पाह्याचं तुमी, ठप्पा मारीन मी." हे तयार नव्हते. "माया हात गेल्याशिवाय माया पंजा लागनार नाई," म्हणाले. देवीदास म्हणाला, "हात तुमचाच जाईन. ठप्प्याचं नुसतं हमालीचं काम हाय." मलाही ते पटलं, आणि मी दोन दिवस त्यांच्या कानाशी तेच बोलले. खोटं कशाला सांगू?

सागवानाचा पंजा झाला आहे. फार सुबक. फक्त सुतारानं करंगळी पुरी केली. हे म्हणाले, "हा माया नोहे." देवीदास म्हणाला, "एवढ्या मोठ्या मानसाच्या निशानीत खोट कायले ठेवाची?" यांनी तो पंजा आपल्या पंजाला लावून कितीतरी वेळ पाहिला. मग देवीदासकडे परत दिला.

शेजारचे अब्दुल रहीम पिंजारी, यांचे जुने मित्र, तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची असते. ओट्यावरून ओरडले, "खुशालभाऊ, हाथ लकडी का हो गया, अब पेट भी लकडी का बनवा लो, भूक का झंझटच नहीं!" त्यांच्या बायकोनं, कुलसुमबींनी, त्यांना आत ओढून नेलं.

पार्बता


अमरावती, मार्गशीर्ष वद्य १, शके १७८४

चि. सौ. पार्बतास आशीर्वाद.

हे पत्र त्याला शांतपणे वाचून दाखव. मधे भांडी घासू नकोस.

खुशाल, लाकडाला दमट कळत नाही आणि कोरडंही कळत नाही. ठप्पा केलास तर केलास, पण तो तुझ्या कमरेला बांध. कोणाच्या हाती देऊ नकोस, देवीदासच्या तर नाहीच. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण बाजारात जो माणूस आपलं काम हलकं करायला येतो, तो काहीतरी उचलून नेतोच. आणि करंगळी तासून घे. तुला जे नाही ते तुझ्या नावावर लावू नकोस.

तुझी अक्का


अकोला, पौष शुद्ध ११, शके १७८५

सौ. दुर्गाबाई अमरावतीकर यांस पार्बताबाईचा नमस्कार.

वर्ष होऊन गेलं, उत्तर राहिलं. तुमचं ते पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं. फार आनंद झाला त्यांना. मधे दोन वाक्यांच्या वेळी माझा घसा बसला होता, तेवढी राहिली.

आता आनंदाची बातमी. हे अकोल्याच्या कापूसबाजाराचे चौधरी झाले. बाजारात यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. पहिल्या दिवशी हे खुर्चीत मांडी घालून बसले, तेव्हा देवीदासनं हळूच पाय खाली सोडायला सांगितले. तासाभरानं पायांना मुंग्या आल्या, पण मोठे लोक उठत नाहीत म्हणून तसेच बसून राहिले.

मोठे साहेब आले होते. त्यांनी गठ्ठ्यावरचा पंजा पाहून, केवढा हा भरदार हात, असं दुभाष्याकडून म्हटलं आणि हस्तांदोलनासाठी हात पुढं केला. यांनी उजवा हात शालीत ठेवला आणि डावा दिला. साहेब थोडा गोंधळला, पण त्यानं तोही हलवला. आता बाजारातले सगळे व्यापारी एकमेकांना डावा हात देतात. म्हणतात, साहेबी रीत आहे.

कामही सुधारलं आहे. पूर्वी हे प्रत्येक गठ्ठ्यात हात घालत. मग दहात एक पाहू लागले. मग शंभरात एक. आता बोटांत अंगठ्या आहेत, त्यांत रुई अडकते, म्हणून खुर्चीतूनच पाहतात. देवीदास गठ्ठा समोर आणतो, हे मान हलवतात, तो ठप्पा मारतो. कधी हे डुलकी घेतात तेव्हाही मान हलते. कोणाची तक्रार नाही. भाव रोज चढतो आहे, त्यामुळे गठ्ठा उघडण्याएवढा वेळ कोणाला आहे?

रहीमभाईंनी येणं सोडलं. परवा मी रस्त्यात विचारलं, "काहून येत नाही भाऊ?" तर म्हणाले, "भाभी, मैं खुशाल से मिलने आता था. कुर्सी से क्या बात करूँ?" लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

तुमच्याकडचे काही गठ्ठे असतील तर पाठवा. घरचं काम आहे.

पार्बताबाई


अमरावती, माघ वद्य ३, शके १७८६

चि. सौ. पार्बतास आशीर्वाद.

तुझ्या त्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. रागावले होते. तू वगळलेली वाक्यं कोणती, ते मला कळलं होतं. आज मात्र लिहायला बसले, आणि कशासाठी ते सांगायला लाज वाटते.

आमच्या यांनी चाळीस गठ्ठे आगगाडीवर चढवायला अकोल्याकडे धाडले होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे अवकाळी गारा झाल्या आणि गाड्या भिजल्या. गाडीवान शफी सांगत आला तेव्हापासून हे जेवले नाहीत. ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड करतात. वाळवायला पसरावं तर महिना जाईल, आणि लढाई मिटत आली अशी कुणकुण आहे.

कापूस तसा ओला नाही, दमट आहे. वरचा दमट आहे, आतला चांगलाच असणार. मी आजवर खुशालला पुष्कळ शहाणपण लिहिलं. आज एवढं एकदा माग, म्हणून मन म्हणतं. त्या चाळीस गठ्ठ्यांवर पंजा लागला तर माझ्या घरात चूल नीट पेटेल. पुन्हा कधी मागणार नाही.

त्याला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

दुर्गा


अकोला, फाल्गुन शुद्ध ५, शके १७८६

सौ. दुर्गाबाईंस नमस्कार.

काम झालं. यांना सांगण्याची गरजच पडली नाही. हे खुर्चीत होते, त्यांची मान हलली.

देवीदास म्हणाला, "अक्कांचे गठ्ठे जड हायत. पावसाचं पानी एवढं जड नसते." पण तो फार सज्जन आहे, त्यानं पुढं विचारलं नाही.

चैत्रात यांना मानाचं पागोटं मिळणार आहे. तुम्ही या. मात्र आता उपदेशाची पत्रं लिहू नका. तुमचं शेवटचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

पार्बताबाई


अकोला, ज्येष्ठ शुद्ध १२, शके १७८७

ती. अक्कांस पार्बताचा दंडवत.

पागोटं मिळालं नाही.

लढाई मिटली हे तुम्हाला कळलंच असेल. भाव चढत होता तोवर कोणी गठ्ठा उघडला नाही. भाव कोसळला आणि आठ दिवसांत सगळा बाजार प्रामाणिक झाला. जो तो गठ्ठे उसवू लागला. मुंबईहून चाळीस गठ्ठे परत आले. पंचांनी ते बाजारात सगळ्यांसमोर फोडले. आत काळा पडलेला कापूस निघाला, सरकी निघाली आणि नदीतले गोटे निघाले. मी दुकानाच्या माडीवरून पाहत होते. बारदानावर तुमच्या घरची खूण होती. बाकी कोणी ती ओळखली नाही.

पंच म्हणाले, "चौधरी, पंजा तुमचा हाय."

तेवढ्यात अब्दुल रहीम गर्दीतून घुसले. दोन वर्षं न बोललेला माणूस. त्यांनी यांचा उजवा हात शालीतून ओढून काढला आणि गठ्ठ्यावरच्या निशाणीला लावला. "अरे, गिनती आती है के नहीं? गठ्ठे पे पूरी पाच, और इसकी साडेचार! ये पंजा इसका हैच नहीं!"

लोक पुढं सरकून बोटं मोजू लागले. मला वाटलं, सुटले. पंचांतले म्हातारे पुंजाराम म्हणाले, "मंग कोनाचा हाय, खुशालराव? तुमी फकस्त सांगा. तुमचा शबद आमाले पुरे."

देवीदास बाजूला उभा राहून पागोटं सारखं करून राहिला होता. यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्या सांगतलं का पंजा माया नाई, तं तुमी काय म्हनान?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आमी म्हनू का चौधरीनं दोन सालं कापसाले हातच नाई लावला. लाकडानं कापूस पाह्यला!" आणि लोक हसले.

अक्का, त्या हसण्यानं घात केला. मला वरून यांचा चेहरा दिसला. तुम्ही सांगितलेल्या त्या रेच्यापाशी तो चेहरा तसाच झाला असेल. यांनी हात रहीमभाईंच्या हातातून सोडवला आणि मोठ्यानं बोलले, "पंजा मायाच हाय. समदे गठ्ठे म्या पाह्यले. गोटे मले हाताले लागले होते. जानून सोडले. मले लबाड म्हना, पन खुशालरावाले कापूस कळत नाई असं कोनी म्हनू नोका."

यावर कोणी हसलं नाही. उलट माडीखालचा एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "मानूस पक्का हाय."

पंचांनी ठरवलं की यापुढं खुशालरावानं अकोल्याच्या बाजारात कापसाला हात लावायचा नाही. यांनी दोन वर्षं जे आपणहून केलं, तेच आता शिक्षा म्हणून करायचं आहे.

खुर्चीवर देवीदास बसतो. त्यानं स्वतःच्या नावाचा नवा पंजा करून घेतला. आमच्या घरात दाणापाणी तोच पाठवतो, म्हणून मी त्याला काही बोलत नाही. हे दिवसभर माजघरात असतात. गादी उसवून रुई काढतात, कानाशी नेऊन तंतू ओढतात आणि मला विचारतात, "हे कोनत्या गावची?" पूर्वी डोळे मिटून सांगत. आता कळत नाही, अक्का. खरोखरच कळत नाही. अंगठ्या काढल्या, तरी कळत नाही. रहीमभाई रोज येतात, पिंजायची कमान भिंतीला टेकवून शेजारी बसतात, आणि न पिंजताच उठून जातात.

गठ्ठे तुमचे होते हे मी यांना सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. तुम्हाला तुमचं घर आहे, मला माझा भाऊ आहे. झालं ते झालं.

पार्बता


अमरावती, ज्येष्ठ वद्य ४, शके १७८७

चि. सौ. पार्बतास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा हे जेवत होते. आता नीट जेवतात. मी विचारलं, "गोटे कोणी घातले?" हे म्हणाले, "कापूस भिजला तवा नुकसान झालंच होतं. नुकसान पुरं भरून काढाचं, का अर्धं?" आणि ताक मागितलं. मी ताक वाढलं. तीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप पुढं जातो. मग आत जाऊन बसले आणि विचार करत राहिले की मी पत्रात "दमट" हा शब्द कुठून आणला. गाड्या मी पाहिल्या नव्हत्या. मला कोणी दमट म्हणून सांगितलंही नव्हतं. शफी "भिजला" म्हणाला होता. मीच मनात तो शब्द वाळवला आणि तुला पाठवला. खुशालनं न पाहता मान हलवली म्हणून मी त्याला मनात किती नावं ठेवली. मी तर अक्षर येणारी बाई, मठात शिकलेली. मीही न पाहताच लिहिलं.

तुझ्यावर रागवायला बसले होते, पण जमत नाही. तू माझी वाक्यं गाळलीस. मला जे लिहायला हवं होतं, ते मी शेवटच्या पत्रात आपणहूनच गाळलं. तुला भावाचं भलं हवं होतं, नवऱ्याचा मान हवा होता, आणि दोन्ही एकाच खुर्चीत मावतील असं तुला वाटलं. मला माझ्या घरची चूल हवी होती. आपल्यात वाईट कोण ते मी शोधत बसले आणि कंटाळले. खुशाल मात्र एकटा माजघरात बसला आहे.

त्याला लबाड म्हणवून घेणं सोसवलं, अडाणी म्हणवून घेणं सोसवलं नाही. अकोल्यात लबाडाला लोक वचकतात आणि चुकलेल्याला हसतात, हे त्याला ठाऊक होतं. मी आता जे करणार आहे, त्यानं लोक त्याला हसतील. तो माझं तोंड पाहणार नाही, असंही होईल. पण पार्बता, ज्याला आपण लबाड आहोत असं स्वतःच भर बाजारात सांगावं लागलं, त्याच्या हातात पुन्हा कापूस कोण देईल? चुकलेल्याला निदान शिकता येतं. पंचांनी बंदी उठवली, तर तो पहिल्यापासून सुरू करील. बाबांनी त्याला दोन वर्षांत शिकवलं होतं. रहीमभाई एका वर्षात शिकवतील, शिव्या देऊन देऊन.

म्हणून मी अकोल्याला निघाले आहे. पाऊस लागायच्या आत पोचायला हवं, एकदा काळी माती भिजली की गाड्या चार महिने जागच्या हलत नाहीत. शफी नेतो म्हणाला. यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुले भाऊ पायजे का संसार?" मी म्हटलं, "परत आले तर दार उघडा, नाही उघडलं तर बडनेऱ्याला मावशी आहे." हे भिंतीकडे तोंड करून बसले. ताट मी समोर ठेवून निघते आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी मी पंचांसमोर उभी राहीन. बायका तिथं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. गठ्ठे आमचे होते, भिजलेले होते, आणि पंजा मी मागून घेतला, एवढं सांगेन. ते मला सांगता येतं. पण तो पंजा खुशालच्या हातानं लागला नाही, कोणाच्या हातानं लागला, हे मी सांगून कोण ऐकेल? मी अमरावतीत होते. ते पाहिलेली बाई माडीवर होती.

पार्बता, त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन उभी राहा आणि देवीदासचं नाव घे. तो तुझा पाठचा भाऊ आहे. तुझ्या घरातलं पीठ त्याच्या खुर्चीतून येतं. मी तुझ्या जागी असते तर दाराला आतून कडी लावली असती आणि ताप आला म्हणून कळवलं असतं. तूही तेच करशील. मी पत्र मिटताना तुझा निरोपसुद्धा मनात ऐकते आहे. तरी मी वेशीपाशी गाडी थांबवीन आणि ऊन उतरेपर्यंत तुझी वाट पाहीन. ये.

दुर्गा